हरणांसाठी पेरलेले वाल

टेक्सासमधल्या भाच्याने परवा एक फोटो पाठवला. बियाण्याची पिशवी, तिच्यावर शिंगांचा डोलारा मिरवणारं हरीण आणि शेजारी तळहातावर चार दाणे. खाली प्रश्न : ‘‘मामा, इथे हे हरणांना बोलवायला पेरतात. हे आपले वालच ना? आणि याचं बिरडं होईल का?’’

दाण्याच्या कडेची ठसठशीत पांढरी रेघ पाहिली आणि शंका उरली नाही. वालच!

विदर्भातला शेतकरी रोही-हरणं पिकात शिरू नयेत म्हणून रात्रभर मचाणावर जागतो. अमेरिकेत रानाच्या कडेला दहा-वीस गुंठे साफ करून हरणांसाठीच पेरतात आणि हंगाम उघडला की शिकारीचा परवाना खिशात घालून मचाणावर बसतात. याला म्हणतात ‘फूड प्लॉट’. चवळी, वाल, ओट, क्लोव्हर, सलगम असं काहीही त्यात असतं.

पण एवढ्याशा तुकड्यात वाल पेरणं म्हणजे पैसे मातीत घालणं. तिथलं पांढऱ्या शेपटीचं हरीण गाईसारखं गवत ओरबाडत नाही. शेळीसारखं वेचून कोवळे शेंडे खुडतं. रवंथ करणाऱ्या प्राण्यांची पोटं तपासून राइनहोल्ड हॉफमन यांनी त्यांची वर्गवारी केली, तीत हे हरीण ‘निवडून खाणाऱ्यां’त बसतं. वालाच्या पानांत वीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं, आणि वेल वाढतो शेंड्यातून. रोप चार पानांचं असताना शेंडा गेला की खेळ खलास. पांढरा क्लोव्हर जमिनीलगत सरपटतो, ओटचा वाढीचा कोंब बुडाशी असतो. वरून खाल्लं तरी ते पुन्हा फुटतात. म्हणून जाणकार वालाला पहिले काही आठवडे विजेच्या तारेचं कुंपण घालतात. शिवाय प्लॉटच्या मध्यभागी तारेच्या जाळीचा एक गोल पिंजरा उभा करतात. पिंजऱ्यात पीक कमरेएवढं आणि बाहेर घोट्याएवढं असेल, तर हरणं येऊन जेवून गेली. इतका स्वस्त आणि इतका प्रामाणिक प्रयोग क्वचितच सापडतो.

या वालाची आणखी एक गंमत. तिकडे जास्त चालणारा ‘रोंगाई’ वाण मूळचा केनियातला. टेक्सासमध्ये तो पाला भरपूर देतो, पण फुलतो इतक्या उशिरा की शेंगा भरायच्या आत थंडी गाठते. कारण त्याला फुलायला लहान दिवस लागतात. कोकणात भात कापल्यावर जमिनीतल्या ओलीवर वाल टाकतात, तेव्हा दिवस लहानच असतात. म्हणून तर थंडीत वालाच्या शेंगांची पोपटी लावता येते. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने शेवटी ‘रिओ वर्दे’ नावाचा वाण काढला, त्याला तिथेच बी धरतं.

दिवसाच्या लांबीचं हे कोडं सोडवलं गार्नर आणि अॅलार्ड या दोघा सरकारी कृषी संशोधकांनी. वॉशिंग्टनजवळच्या शेतात त्यांची तंबाखूची एक जात उन्हाळाभर नुसती उंच वाढायची, फुलायचं नाव नाही. खत, पाणी, तापमान सगळं तपासून झालं. मग 1918 च्या उन्हाळ्यात त्यांनी कुंड्या रोज दुपारी उचलून एका अंधाऱ्या खोपटात ठेवल्या आणि सकाळी बाहेर काढल्या. तंबाखू फुलली! 1920 मध्ये निबंध आला. शेतीतल्या मोठ्या शोधांत मी हा फार वर धरतो, आणि त्याला लागलं काय, तर एक खोपट.

हरणाची शिंगंही याच घड्याळावर चालतात. दिवस मोठे होऊ लागले की शिंगं फुटतात, लहान होऊ लागले की टणक होतात, माजाचा काळ संपला की गळतात. ती किती मोठी होणार ते वय, आनुवंशिकता आणि वर्षभराचा आहार ठरवतो. नर पाच-सहा वर्षांचा झाल्याशिवाय शिंगं पुरती भरत नाहीत. असा नर कित्येकशे एकरांवर हिंडतो. त्यात तुमचे वीस गुंठे म्हणजे पोटभर जेवण नव्हे, येता-जाता तोंडात टाकायचा घास. त्या घासापायी हरीण मचाणासमोर येईल, शिंगं वाढणार नाहीत. पिशवीवरचं चित्र ही निव्वळ जाहिरात आहे.

राहिलं बिरडं. पेरणीच्या बियाण्याला बुरशीनाशक चोळलेलं असू शकतं. तेव्हा भाचेबुवा, त्या पिशवीतला दाणा भिजत घालू नका. वाल भारतीय दुकानातूनच आणा.