रेघेच्या आत की बाहेर?

भूगोलाच्या मास्तरची खोड म्हणा हवं तर. पण प्रवासाला निघताना माझ्या पिशवीत भाकरीच्या डब्याशेजारी नकाशाची गुंडाळी असतेच. उमरखेड तालुक्यात सहस्रकुंडाला गेलो तेव्हाही ती होती. पैनगंगा इथे काळ्या बेसाल्टच्या कड्यांवरून खाली झेपावते. एरवी अंतर राखून चालणाऱ्या समोच्च रेषा अशा कड्यापाशी एकमेकींना अगदी खेटतात.

तळं आटत जातं तसे काठावर पाण्याचे वळ उमटतात ना, तशाच या तपकिरी रेषा. एका रेषेवरची सगळी ठिकाणं सारख्याच उंचीची.

या नकाशांमागची तपश्चर्या मोठी आहे. विल्यम लॅम्बटनने १८०२ साली मद्रासला पायारेषा मोजली. अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट घेऊन त्याची माणसं ७८ पूर्व रेखावृत्ताच्या आसपास उत्तरेकडे सरकत राहिली. हे रेखावृत्त आपल्या यवतमाळ जिल्ह्यातूनच जातं. लॅम्बटनने मात्र जानेवारी १८२३ मध्ये शेजारच्या हिंगणघाटला देह ठेवला. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टने हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेलं.

परतताना नदीकाठच्या एका खेड्यात चहाला थांबलो. निम्न पैनगंगा धरणाच्या विषयाने या काठाची झोप उडाली, त्यालाही आता वर्षं लोटली. नकाशा उघडताच माणसं भोवती जमली. एका आजोबांनी थरथरतं बोट कागदावर टेकवलं.

‘‘गुरुजी, माहं घर या रेघेच्या आत हाय का भाईर?’’

मी चष्मा पुसला. एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर आणि दोन रेषांमध्ये वीस मीटरचा चढ. आजोबांचं घर नेमकं दोन रेषांच्या मधल्या कोऱ्या जागेत होतं. पाणी उंबऱ्याशी थांबेल की आढ्याला लागेल, हे या कागदावरून सांगता येत नाही. त्यासाठी गावात येऊन, उंबऱ्यापाशी पट्टी उभी करून पातळी मोजावी लागते. मी तसंच सांगितलं.

‘‘मंग मोजाले येतीन तवा आमाले बलावतीन ना?’’ आजोबांनी विचारलं.

तीस वर्षं मी मुलांना नकाशा वाचायला शिकवला. पण त्या कोऱ्या जागेत कुणाचं तरी घर असतं, हे एकाही तासाला सांगितलं नव्हतं.