वेताळ टेकडीचे गवत

पुण्याच्या वेताळ टेकडीवर रोज पहाटे फिरायला जाणाऱ्यांना विचारा, इथे पाहण्यासारखे काय आहे? कोणी मोर सांगेल, कोणी दगडखाणीतले पाणी. गवताचे नाव मात्र सहसा कोणी घेत नाही. खरे तर ही टेकडी मुळात गवताचीच!

समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीची ही टेकडी शहरातली सर्वांत उंच जागा. बालभारतीपासून पौड फाट्यापर्यंतचा रस्ता तिच्या अंगावरून न्यायचा आणि तिच्या पोटातून बोगदे काढायचे, हे बेत पुढे आले, तेव्हा वेताळ टेकडी बचाव कृती समितीच्या हाकेला ओ देऊन एप्रिल २०२३ मध्ये हजारो पुणेकर रस्त्यावर उतरले. आजी-आजोबा होते, शाळकरी मुलेही होती. झाडे तुटतील, पाणी मुरायचे थांबेल, ही त्यांची काळजी रास्तच होती.

पण टेकडीला धोका केवळ यंत्रांचा नाही. वनखात्याने पूर्वी इथे गिरिपुष्पाची झाडे मोठ्या प्रमाणावर लावली. हे झाड मूळचे मध्य अमेरिकेकडचे. ते भराभर वाढते, आणि त्याच्या दाट सावलीत कुसळी, पवन्यासारखे उन्हाचे गवत टिकत नाही. गवत गेले की जमिनीवर अंडी घालणाऱ्या तित्तिर, चंडोलांचा आडोसाही जातो. झाड लावणे हे पुण्य मानणाऱ्या समाजात 'इथे झाड लावू नका' असे म्हणायला धाडसच लागते! काही अभ्यासक आणि निसर्गप्रेमी तेच सांगत आहेत.

मग हा माळ जंगल तोडून झाला असेल का? दिग्विजय पाटील आणि आशिष नेर्लेकर या संशोधकांनी याचे उत्तर चक्क जुन्या मराठी साहित्यात शोधले. संतचरित्रे, आख्यानकाव्ये, लोकगीते यांत आलेल्या रानवनस्पतींची त्यांनी नोंद केली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की पश्चिम महाराष्ट्रातले गवताळ माळ निदान साडेसातशे वर्षांचे जुने आहेत.

सरकारी दप्तरात मात्र अशा कितीतरी माळांची नोंद आजही 'पडीक' अशीच आहे. आणि पडीक जमिनीवर रस्ता काढायला कोण हरकत घेणार?