शाब्बास, मोती!

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी ७४ वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका मुलाचा आधार घेत माझ्या दवाखान्यात आल्या. उजवे मनगट सुजून वाकडे झाले होते. क्ष-किरण तपासणीत हाड मोडल्याचे निश्चित झाले. कारण विचारले तेव्हा कळले, की दारावरची घंटा वाजली, बाई दार उघडायला उठल्या आणि त्यांचा तीन किलो वजनाचा पॉमेरेनियन कुत्रा मोती भुंकत त्यांच्या पायांमधून दाराकडे धावला. त्याला वाचवताना बाईंचा तोल गेला.

“डॉक्टर, आता तुम्हीच आईला समजवा. मोतीला कोणाकडे तरी देऊन टाकू,” मुलगा म्हणाला. मीही मान डोलावली. बाई काही वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “ही सगळी सकाळी आठला बाहेर पडतात. संध्याकाळपर्यंत त्या घरात माझ्याशिवाय हलणारं-बोलणारं तेवढं एकच आहे.”

माझी मान जरा घाईने डोलली होती, हे मला तेव्हा जाणवले. परिचयाच्या पशुवैद्यांना दूरध्वनी केला. त्यांनी शांतपणे विचारले, “घंटा वाजल्यावर काय करायचं, हे त्या कुत्र्याला कोणी कधी शिकवलं आहे का?” कोणीच शिकवले नव्हते. धावला की त्याला रागावत, एवढेच. बाईंच्या हाताला सहा आठवडे प्लास्टर राहणार होते. तेवढ्या अवधीत मोतीला शिकवून पाहावे असे ठरले.

वृद्धांच्या घरात कुत्र्याला काही शिकवणे म्हणजे केवळ करमणूक नव्हे, हे मला त्या सहा आठवड्यांत उमगले. म्हणून त्याची रीत येथे सविस्तर देत आहे.

शाबासकी का लागू पडते?

रशियन शरीरशास्त्रज्ञ इवान पावलोव्ह यांना १९०४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनक्रियेच्या अभ्यासासाठी. त्याच अभ्यासात त्यांच्या लक्षात आले, की अन्न समोर येण्यापूर्वीच, केवळ त्याची चाहूल देणाऱ्या खुणेनेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मांजरांवरील प्रयोगांतून दिसले, की ज्या कृतीचे फळ सुखद असते ती प्राणी पुन्हा पुन्हा करतो. आपली रीत या दोन गोष्टींवरच उभी आहे. ‘शाब्बास’ ही खूण आणि पाठोपाठ येणारा खाऊ हे फळ.

रागावण्याने मात्र नेमके काय करावे हे कुत्र्याला कळत नाही. उलट मारामुळे तो गुरगुरणे सोडून देतो आणि पुढे कधीतरी पूर्वसूचना न देता चावतो. वृद्धांच्या घरात हे अधिक धोक्याचे आहे.

शिकवणाऱ्याची बैठक

हात असलेल्या, न हलणाऱ्या खुर्चीत बसून शिकवावे. लहान कुत्र्यापर्यंत हात पोहोचवण्यासाठी वारंवार वाकू नये. चक्कर येते आणि कंबरही धरते. लांब दांड्याच्या लाकडी चमच्याला खाऊ चिकटवून तो पुढे करावा. बाईंनी डाव्या हाताने हेच केले. एका वेळी तीन ते पाच मिनिटे, दिवसातून दोन-तीनदा एवढा अभ्यास पुरतो. कुत्रा कंटाळण्यापूर्वी थांबावे.

पहिल्या दिवशी काहीच मागू नये. ‘शाब्बास’ म्हणावे आणि लगेच खाऊ द्यावा, असे दहा-पंधरा वेळा करावे. पुढे हा शब्द योग्य कृती घडताक्षणी उच्चारावा. उशीर झाला, तर कुत्रा त्या क्षणी जे करत असेल त्याचीच शाबासकी समजतो.

तीन उपयोगी धडे

पहिला धडा ‘बस’. खाऊ नाकाजवळ धरून हळूच डोक्यावरून मागे न्यावा. नाक वर जाते आणि मागचा भाग आपोआप टेकतो. टेकताच ‘शाब्बास’ आणि खाऊ. कृती जमू लागल्यावरच ‘बस’ हा शब्द जोडावा आणि तो एकदाच उच्चारावा.

दुसरा धडा ‘जागेवर’. बाईंच्या घरी दारापासून दूर, भिंतीलगत एक जुने बसकर अंथरले. मोतीने त्यावर पाऊल टाकले की शाबासकी, चारही पाय ठेवले की शाबासकी, मग बसल्यावर, मग तेथे पाच अंक मोजेपर्यंत थांबल्यावर. दोन आठवड्यांनंतर नातीने भ्रमणध्वनीवर घंटेचा आवाज ध्वनिमुद्रित केला आणि अगदी हळू आवाजात तो वाजवून ‘जागेवर’ म्हणायला सुरुवात केली. आवाज दररोज किंचित वाढवला. खरी घंटा सर्वांत शेवटी. मध्ये एकदा मोती पुन्हा दाराकडे धावलाच. अशा वेळी न रागावता एक पायरी मागे यावे.

तिसरा धडा ‘सोड’. मुठीत खाऊ बंद करून पुढे धरावा. कुत्रा चाटेल, पंजा मारेल. मूठ उघडू नये. तो तोंड मागे घेताच शाबासकी द्यावी आणि खाऊ दुसऱ्या हातातून द्यावा. वृद्धांच्या हातून गोळ्या निसटतात. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन किंवा रक्तदाबाची एखादी गोळीही एवढ्याशा कुत्र्याला घातक ठरू शकते. तरीही केवळ या धड्यावर विसंबू नये. औषधे टेबलाशी बसून, कुत्रा दूर असताना घ्यावीत. गोळी पोटात गेलीच, तर लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यांना गाठावे.

पक्षाघातामुळे किंवा कंपवातामुळे आवाज क्षीण झाला असेल, तर प्रत्येक शब्दाला हाताची एक ठरावीक खूण जोडावी. कुत्रे खुणा चांगल्या शिकतात. घरातील सर्वांनी तोच शब्द व तीच खूण वापरावी. कुत्र्याला मागच्या पायांवर उभे करणे किंवा उंच उड्या मारायला लावणे टाळावे. पॉमेरेनियनच्या गुडघ्याची वाटी सरकण्याचा आणि डॅशहुंडच्या मणक्यांना इजा होण्याचा संभव असतो.

खाऊ कोणता, किती?

वाटाण्याहून लहान तुकडा पुरे. बिनमिठाची उकडलेली कोंबडी, उकडलेले अंडे, थोडे पनीर किंवा गाजर चालते. त्याच्या रोजच्या आहारातील दाणे बाजूला काढून वापरले तर उत्तमच. दिवसभराच्या एकूण उष्मांकांपैकी १० टक्क्यांहून अधिक खाऊतून जाऊ नयेत. चहाबरोबर आपल्यातले बिस्किट देण्याची सवय मोडावी.

चॉकलेट, द्राक्षे, मनुका, बेदाणे, कांदा आणि लसूण कुत्र्यांना विषारी आहेत. बेदाणे घातलेला प्रसादाचा शिराही देऊ नये. मधुमेही व्यक्तींच्या घरात आणखी एक दक्षता हवी. काही ‘शुगर-फ्री’ गोळ्यांत व च्युइंगममध्ये झायलिटॉल असते. त्याने कुत्र्याची रक्तशर्करा एकाएकी घसरते.

माणसांची काळजी

पडण्याचा सारा दोष कुत्र्यावर टाकून थांबू नये. बाईंचा रक्तदाब मी झोपून व उभे राहून मोजला. उभे राहताच तो खाली येत होता. औषधाची मात्रा बदलावी लागली. दृष्टी, हाडांची बळकटी, झोपेच्या गोळ्या, ओली फरशी, रात्रीचा अपुरा उजेड हे सारे तपासून पाहावे. फिरताना साखळी मनगटाला गुंडाळू नये. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीजवळ कुत्रा असताना काळजीवाहकाने तेथे उपस्थित राहावे.

कुत्र्याचे रेबीजचे लसीकरण वेळच्या वेळी करावे. दात किंवा नख लागून ओरखडा आला, तरी जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर ते अवश्य सांगावे. हळद किंवा चुना जखमेत भरू नये.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघाले. त्या दिवशी बाई मला म्हणाल्या, “डॉक्टर, शाळेत मी चुकणाऱ्याला लगेच उभं करत असे. बरोबर केलेल्याला शाब्बास म्हणायचं बरेचदा राहून गेलं.”

पुढे महिनाभराने त्यांचा रक्तदाब पाहण्यासाठी मी घरी गेलो. घंटा वाजवली. आत एकदाच भुंकणे ऐकू आले, मग बाईंचा आवाज, “जागेवर.” थोडी शांतता. “शाब्बास, मोती!” त्यानंतर काठीचा सावकाश येणारा आवाज. दार उघडायला नेहमीपेक्षा अधिक वेळ लागला. मी बाहेर आनंदाने उभा राहिलो.