आठव्या महिन्याचे भय : एक शोध

सातव्या महिन्यातले मूल जगते, आठव्यातले जगत नाही. परभणी जिल्ह्यातल्या गावांत वयस्क बायकांपुढे बाळंतपणाचा विषय काढला की हे वाक्य हमखास कानावर येते. गंगाखेड असो, जिंतूर असो की पाथरी, जात आणि जमिनीचा तुकडा कितीही वेगळा असो, या एका बाबतीत मतभेद आढळत नाही. सातव्यात ओटी भरायची, डोहाळजेवण उरकायचे, पहिलटकरणीला माहेरी आणायचे. एकदा आठवा लागला की प्रवास नको, नदी ओलांडणे नको, तिन्हीसांजेला उंबऱ्यात बसणे नको. नववा लागेपर्यंत सगळे घर जीव मुठीत धरून असते.

हिशेबाने पाहिले तर हे अजब आहे. पोटात जितके दिवस जास्त, तितके मूल सशक्त. मग सात आठापेक्षा सुरक्षित कसे? हा प्रश्न घेऊन मी जुने ग्रंथ आणि आजचे वैद्यकशास्त्र यांच्यात जमेल तसा फिरलो. हाती आले ते अंधश्रद्धेचे साधे उदाहरण नव्हते. शेवटच्या तीन महिन्यांतली भीती माणसांनी कशी सांभाळली, त्यात काय कमावले आणि काय गमावले, याचा तो दीर्घ इतिहास आहे.

चरकापासून ॲरिस्टॉटलपर्यंत

गरोदर बाईला आपण 'दोन जिवांची' म्हणतो. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते असे सांगून दोन हृदये असलेल्या त्या स्त्रीला 'दौहृदिनी' म्हटले आहे. 'डोहाळे' हा शब्दही याच कुळातला. म्हणजे गर्भारणीची इच्छा ही एकटीची नसून दोघांची आहे, ही कल्पना आपल्या रोजच्या बोलीत मुरलेली आहे.

आठव्या महिन्याचे भयही तितकेच जुने आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानानुसार या महिन्यात ओज स्थिर नसते. ते आईकडून गर्भाकडे आणि गर्भाकडून आईकडे सारखे ये-जा करते. म्हणून आई कधी आनंदी, कधी म्लान दिसते आणि या काळातला जन्म संकटाचा ठरतो. जाणकार या महिन्याला 'अगण्य', म्हणजे न मोजण्याचा, म्हणतात, असेही तिथे नोंदवले आहे. सुश्रुतानेही आठव्यातले मूल जगत नाही असे म्हटले असून ते नैऋताचा भाग मानून बळी द्यायला सांगितले आहे. गावातल्या आजीने हे ग्रंथ वाचलेले नाहीत, पण तिचे वाक्य आणि ग्रंथातले विधान एकच आहे.

याहून मोठे आश्चर्य ग्रीसमध्ये आहे. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथसंग्रहात आठव्या महिन्यातल्या मुलावर एक स्वतंत्र प्रकरणग्रंथ आहे आणि त्याचेही म्हणणे हेच : सातव्यातले वाचू शकते, आठव्यातले नाही. ॲरिस्टॉटलने मात्र प्राण्यांविषयीच्या आपल्या ग्रंथात एक मार्मिक नोंद केली. इजिप्तमध्ये आठव्यातली मुले जगतात, असे तो लिहितो. ग्रीसमध्ये तसे मूल जगले तर बायकांना वाटते की ते आठव्यातले नव्हतेच, गर्भ आधीच राहिला होता आणि आपल्या ध्यानात आले नव्हते.

समज टिकतो कसा

ॲरिस्टॉटलच्या या नोंदीत समजाचे अर्धे रहस्य आहे. जगलेले मूल नववीतले किंवा सातव्यातले ठरते. दगावलेले तेवढे आठव्यात राहते. असा हिशेब कधीच चुकत नाही, कारण उत्तर पाहून आकडा बदलता येतो.

आपल्याकडे मोजणीचा गोंधळ आणखी आहे. 'आठवा लागला' म्हणजे सात पूर्ण झाले, आणि 'आठ भरले' म्हणजे नववा सुरू झाला. एकाच बाईबद्दल सासू एक आकडा सांगते, आई दुसरा. शिवाय लग्नानंतर सात महिन्यांत जन्मलेले धडधाकट बाळ 'सातव्यातले' म्हणून सांगण्यात कुटुंबाची सोय असते. अशा प्रत्येक बाळाने सातव्या महिन्याची पत वाढवली.

पण सगळाच दोष मोजणीचा नाही. आठव्या महिन्यात जी बाई अचानक बाळंत होते, ती पुष्कळदा आधीच आजारी असते. गर्भारपणातला वाढता रक्तदाब आणि त्यातून येणारे झटके, वार खाली असल्याने किंवा ती सुटू लागल्याने होणारा रक्तस्राव ही संकटे प्रामुख्याने याच शेवटच्या तिमाहीत समोर येतात. जुन्या बायकांनी पाहिलेले मृत्यू खरे होते. कारण मात्र महिन्यात नव्हते, आजारात होते.

आजचे शास्त्र आठवडे मोजते. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून ४० आठवडे, म्हणजे २८० दिवस. एकोणिसाव्या शतकातल्या नेगेले या जर्मन प्रसूतितज्ज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा नियम त्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवायला सांगतो. आपले 'नऊ महिने नऊ दिवस' त्यापासून अवघ्या दोन दिवसांवर आहे. आठवा महिना साधारण ३१ ते ३५ आठवड्यांचा. ३७ आठवड्यांआधीचा जन्म अपुऱ्या दिवसांचा मानतात आणि त्यात प्रत्येक वाढत्या आठवड्याबरोबर बाळाची जगण्याची शक्यता वाढते. आठव्यातले बाळ सातव्यातल्यापेक्षा नेहमीच पुढे असते.

अशा बाळाची मोठी अडचण फुप्फुसांची. ती साधारण ३४-३५ आठवड्यांपर्यंत पुरती तयार झालेली नसतात. १९७२ मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी या डॉक्टरांनी दाखवून दिले की लवकर प्रसूती होण्याची चिन्हे असलेल्या आईला स्टिरॉइडचे इंजेक्शन वेळेत दिले तर बाळाचा श्वासाचा त्रास कमी होतो. त्याच दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटा शहरात कमी वजनाच्या बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधून ऊब देण्याची पद्धत सुरू झाली. तीच आज कांगारू पद्धत म्हणून आपल्या सरकारी दवाखान्यांतही शिकवतात. पण आठव्यातले मूल जगतच नाही हे ज्या घरात ठरून गेले आहे, त्या घरात गाडी बोलवायला उशीर होतो. समजाचा खरा धोका हा आहे.

तयारीचा महिना

चरकाने आणखी एक गोष्ट सांगितली आहे आणि ती लोकस्मृतीत आठव्याच्या भयाइतकी ठसली नाही. नववा महिना लागण्याआधी सूतिकागार बांधून तयार ठेवावे, असे तो सांगतो. जागा कशी असावी, आत काय असावे याची यादीच आहे : तूप, तेल, मीठ, उखळ-मुसळ, सुया, धारदार शस्त्रे, दोरे, बेलाच्या लाकडाच्या बाजा, सरपण. आणि सोबतीला अनेकदा बाळंत झालेल्या, मायाळू, कष्ट सोसणाऱ्या, तिचे मन प्रसन्न ठेवणाऱ्या बायका. ज्या महिन्याला 'न मोजण्याचा' म्हटले, तोच तयारीचा महिनाही ठरला.

या यादीतली शेवटची बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जात्यावरच्या ओव्यांत मराठवाड्याच्या बायकांनी सीतेचे बाळंतपण पुन्हा पुन्हा गायले आहे. वनात टाकलेली, माहेर नसलेली, सोबत नसलेली बाळंतीण हे त्यांच्या दृष्टीने रामायणातले सर्वांत मोठे दुःख. मरणाच्या भीतीइतकीच एकटेपणाची भीती त्यात आहे. सातव्यात लेक माहेरी आणण्यामागे हेच शहाणपण होते : कामातून सुटका, पोटभर जेवण आणि रात्री हाक मारली की ओ देणारी आई.

हा धागा आधुनिक वैद्यकाकडे नेणारी बाई मराठीच होती. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या आणि मूल दहा दिवसांत गेले. १८८६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तो 'आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र'. जुन्या ग्रंथांत काय होते हे त्यांना मांडायचे होते आणि स्वतः मात्र नवे शास्त्र शिकायचे होते. दोन्ही एकत्र ठेवण्याची ती वाट पुढे अर्धवटच राहिली. एकीकडे रीत उरली, दुसरीकडे दवाखाना आला.

दवाखाना आल्याचा लाभ निर्विवाद आहे. महाराष्ट्रात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला निम्म्याहून कमी बाळंतपणे दवाखान्यात होत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हे प्रमाण सुमारे ९५ टक्के झाले. २००१-०३ मध्ये राज्यात एक लाख जिवंत जन्मांमागे १४९ मातामृत्यू होत असत. २०१८-२० मध्ये हा आकडा ३३ वर आला. पण प्रसूतिकक्षाच्या दारात आईला थांबवले जाते तेव्हा चरकाच्या यादीतली सोबत तुटते. केंद्र सरकारने २०१६ मध्ये सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीसोबत एका ओळखीच्या बाईला थांबू देण्याच्या सूचना दिल्या. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही सोबतीची शिफारस केली. जात्यावर बायका जे गात होत्या, ते मार्गदर्शक सूचनांत यायला एवढा काळ गेला.

परभणीतला आठवा

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. याच पाहणीनुसार परभणीत २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४८ टक्के जणींची लग्ने अठराच्या आत झालेली होती. राज्याचे प्रमाण २१.९ टक्के. राज्यातल्या गरोदर स्त्रियांत ४५.७ टक्के जणींना रक्तक्षय होता. म्हणजे इथे आठव्या महिन्यात जी बसली आहे, ती पुष्कळदा वयाने लेकरूच आहे, अंगात रक्त कमी आहे आणि कुणाला काय विचारायचे हे तिला माहीत नाही.

त्यात ऊसतोड. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल दोघांवर मिळून घेतलेली. बाई घरी राहिली तर कोयता अर्धा होतो. म्हणून पोटुशी बाईही निघते आणि दिवाळीत पाचवा असला तर संक्रांतीच्या मागेपुढे आठवा लागतो, तोही परक्या कारखान्याच्या फडावर, खोपीत. सातव्यात माहेरी नेण्याची रीत तिच्यासाठी उरलेलीच नसते. गावच्या आशाताई मागे राहतात, नोंद मागे राहते.

थॅडियस आणि मेन या दोन अभ्यासक स्त्रियांनी १९९४ मध्ये मातामृत्यूंमागचे तीन उशीर मांडले : निर्णय घेण्यातला, दवाखान्यापर्यंत पोचण्यातला आणि पोचल्यावर उपचार मिळण्यातला. तिसरा उशीर शासनाचा. पहिले दोन मात्र बऱ्याच अंशी घरात, आठव्या महिन्यातच, कमी करता येतात. त्यासाठी चरकासारखी आजची यादी करावी लागेल.

बाळंतपण कुठे करायचे आणि तिथे अडले तर पुढे कुठे जायचे, हे आधी ठरवावे. रात्री गाडी कोणाची, चालकाचा नंबर कोणाजवळ, हे लिहून ठेवावे. सरकारी रुग्णवाहिकेसाठी १०२ आणि १०८ हे क्रमांक घरातल्या प्रत्येकाला पाठ हवेत. रक्तगट माहीत हवा आणि रक्त देऊ शकतील अशी दोन माणसे सांगून ठेवलेली हवीत. माता-बाल संरक्षण कार्ड माहेरी जाताना किंवा फडावर जाताना कपड्यांच्या आधी पिशवीत जावे. पोचल्या गावातल्या आशाताईंकडे नाव नोंदवावे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपण, शस्त्रक्रिया, औषधे, रक्त, जेवण आणि जाण्या-येण्याची गाडी मोफत आहे.

आणि काही खुणा अशा, की त्या दिसल्यावर उद्याची वाट पाहायची नाही : अंगावरून रक्त जाणे, पाणी जाणे, थांबत नसलेली डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर आणि हातांवर सूज, पोटाच्या वरच्या भागात दुखणे, ताप, झटका, बाळाची हालचाल मंदावणे. त्या सांगायला सासूची, नवऱ्याची किंवा मुकादमाची परवानगी लागू नये. हे घरात आधीच बोलून ठेवणे हीसुद्धा तयारीच.

डोहाळजेवण व्हावे, ओटी भरावी, आवडीचे करून घालावे. त्याच दिवशी, जेवणे उरकल्यावर, जमलेल्या बायकांनी ही यादी तिच्यापुढे वाचावी आणि प्रत्येक कामापुढे एकेक नाव लिहावे. मोटार कोण आणणार, घर कोण सांभाळणार, दवाखान्यात रात्री कोण थांबणार. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा टोळ्या गाव सोडत असतील आणि त्यांत काही जणी पाच-सहा महिन्यांच्या असतील. त्यांचा आठवा कोणत्या गावी येणार, हे निघण्याआधीच मोजून ठेवायला हवे.