शिंपल्याची शिल्लक

गिरणा-पांझरेच्या गाळात अर्धा रुतलेला शिंपला तुम्ही पाहिला असेल. तो अन्नामागं धावत नाही. कल्ल्यांवरच्या केसांसारख्या तंतूंनी पाणी आत ओढतो, त्यातलं बारीक शेवाळ गाळून घेतो. बऱ्या दिवसांत उरलेलं ग्लायकोजेन म्हणून साठवतो; आपल्या यकृतात असतं ना, तेच. आता बघा, अंडी-शुक्राणू तयार करताना ही शिल्लक खर्च होते, आणि उन्हाळ्यात पाणी आटलं की कवच घट्ट मिटून तग धरायलाही तीच लागते. खातं एक, मागणारे दोन! मी तत्त्वज्ञानाचा माणूस, मला इथं निवड दिसते. शिंपला बिचारा काही निवडत नाही. पाणी किती दिवस टिकतं, यावर बरंच ठरतं. पण वाळूसाठी पात्र खरवडलं, तर शिल्लक असूनही तो उन्हात उघडा पडून मरतो.