संक्रांतीच्या शुभेच्छापत्रांची पेटी : काय ठेवावे आणि कसे लावावे



दिवाळीचा फराळ संपला की आपल्या मंडळात मुलांच्या शुभेच्छापत्रांची चर्चा सुरू होते. पांढुर्ण्याच्या किंवा सौसरच्या बाजारात छापील कार्डे मिळतात, पण त्यांवरचा मजकूर हिंदी नाहीतर इंग्रजी असतो. काटोल, नरखेड, वरूडला राहणाऱ्या आजीला किंवा मामाला मराठीत "तिळगूळ घ्या, गोड बोला" असे लिहून पाठवायचे असेल, तर कार्ड घरीच करावे लागते. मुलांना ते करायला आवडतेही. अडचण येते ती सामानाची. सामान कमी पडते असे नाही, ते वेळेवर हाताशी येत नाही.

पहिल्या वर्षी आम्ही सगळे सामान एका मोठ्या पिशवीत भरून नेले होते. मुले जमली चाळीस आणि कात्र्या सहा. अर्धा वेळ कात्री शोधण्यात गेला, उरलेला चमकी आणि टिकल्या चिकटवण्यात. आतला मजकूर लिहायची वेळ आली तेव्हा घरी न्यायला पालक दारात उभे होते. मग आम्हीच भराभर पंधरा-वीस कार्डांवर ओळी लिहून दिल्या. नंतर एका आजींचा फोन आला. कार्ड फार सुरेख आहे म्हणाल्या, पण आतले अक्षर नातवाचे वाटत नाही. त्याच्या दोन वाकड्या ओळी असत्या तरी चालले असते.

ते आम्हाला लागले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपला छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला, सौसरही त्यात आले. राज्य कोणतेही असो, घरातली मराठी टिकली आहे. मात्र बहुतेक मुलांची शाळा हिंदी किंवा इंग्रजी माध्यमाची. ती मराठी बोलतात, ऐकतात, पण लिहायची वेळ फारशी येत नाही. वर्षातून एकदा येते ती या कार्डावर, आणि तीच आम्ही त्यांच्या हातून काढून घेतली होती.

तेव्हापासून सामानाची पेटी आम्ही कामाच्या क्रमाने लावतो : कागद, घडी, लिहिणे, सजावट, पाकीट. लिहिणे सजावटीच्या आधी. घरी चार मुलांसाठी करायचे असो की मंडळात चाळीस मुलांसाठी, क्रम हाच ठेवा.

पहिला कप्पा : कागद

कार्डासाठी कागद घेताना त्याचा जीएसएम विचारावा. एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन म्हणजे जीएसएम. झेरॉक्सचा कागद ७५ ते ८० जीएसएमचा असतो. त्याचे कार्ड उभे राहत नाही. २०० ते २५० जीएसएमचे कार्डशीट चांगले.

स्टेशनरीच्या दुकानातले मोठे कार्डशीट साधारण २२ × २८ इंचांचे असते. त्यातून ७ × ५.५ इंचांचे तुकडे कापले तर बरोबर १६ निघतात आणि काही वाया जात नाही. प्रत्येक तुकडा मधोमध घडी केला की ५.५ × ३.५ इंचांचे कार्ड होते. हा आपल्या पोस्टकार्डाचाच आकार. चाळीस मुलांना तीन शीट पुरतात आणि आठ कार्डे चुकण्यासाठी शिल्लक राहतात.

कापण्यापूर्वी एक गोष्ट पाहावी. गिरणीच्या कागदातले तंतू बहुतेक एकाच दिशेने बसलेले असतात. शीट न मोडता दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहा. ज्या बाजूने ते सहज वाकते, त्याच बाजूने घडी घालावी. उलट घातली तर घडीवर कागद फाटल्यासारखा खरबरीत होतो आणि रंग उडतो. वर सांगितल्याप्रमाणे १६ तुकडे काढायचे तर ७ इंचांची बाजू शीटच्या २८ इंचांच्या बाजूने येते आणि घड्या २२ इंचांच्या बाजूला समांतर पडतात. शीट तसे वाकत नसेल तर तुकडे फिरवून काढा. मग १५ निघतात, एक कार्ड कमी होते, पण घडी स्वच्छ येते.

घरातल्या जुन्या लग्नपत्रिका टाकू नका. त्यांचा कागद जाड असतो, सोनेरी वेलबुट्टी असते, आणि त्यावरचे गणपतीचे चित्र कचऱ्यात टाकायला मन होत नाही. ते कापून कार्डावर छान बसते. पत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये कापलेल्या कडांच्या पट्ट्याही मागितल्या तर मिळतात.

शक्य असेल तर थोडा हातकागद ठेवावा. तो सुती चिंध्यांच्या लगद्यापासून बनतो. साच्यात लगदा दोन्ही दिशांनी हलवतात, त्यामुळे त्यात तंतूंची ठरावीक दिशा नसते आणि घडी कशीही घातली तरी चालते. ही विद्या आपल्या भागाला परकी नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम सुरू झाले. जे. सी. कुमारप्पा ते पाहत. घाण्याचे तेल, हातसडीचा तांदूळ यांबरोबर हातकागदावरही तेथे काम झाले. तेथील मगन संग्रहालय १९३८ चे आहे. पुण्याची हातकागद संस्था १९४० ची, आणि जयपूरजवळ सांगानेरच्या राष्ट्रीय हातकागद संस्थेला कुमारप्पांचेच नाव दिले आहे. त्याहून कितीतरी जुना दौलताबादजवळचा कागजीपुरा. गावाच्या नावातच तिथला धंदा आहे.

हातकागदावर शाई फुटते, हे मात्र लक्षात ठेवावे. जुन्या काळी कागदाला खळ लावून तो गुळगुळीत दगडाने घोटत, मगच त्यावर बोरू चाले. आपण तो मुख्यतः सजावटीसाठी वापरावा. लिहायचेच असेल तर आधी कोपऱ्यावर पेन चालवून पाहावे.

दुसरा कप्पा : मोजणे, कापणे, घडी

यात स्टीलच्या पट्ट्या, पेन्सिली, खोडरबर आणि बोथट टोकाच्या कात्र्या. कटर मोठ्यांच्याच हातात, आणि तो वेगळ्या डब्यात. मोठे शीट आम्ही आदल्या दिवशीच कापून ठेवतो. खाली जाड पुठ्ठा घ्यावा आणि स्टीलची पट्टी धरून कटर दोन-तीनदा हलका फिरवावा. एकदाच जोर लावला की पट्टी सरकते.

घडीसाठी शाई संपलेली बॉलपेनची रिफिल ठेवा. पट्टी लावून रिफिलने मधोमध रेघ दाबली की घडी तिथेच पडते. मग चमच्याच्या पाठीने घडी घासून बसवायची. दुकानातून वेगळे हत्यार आणायची गरज नाही.

तिसरा कप्पा : लिहिणे

हा कप्पा आम्ही सगळ्यात जपतो. काळे आणि निळे बॉलपेन, काही जेलपेन, कच्चे लिहायला जुन्या वह्यांचे कोरे कागद आणि एक अक्षरपट्टी. ही पट्टी आम्ही पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून घेतली आहे, दर चार मुलांमागे एक.

पट्टीवर पहिले अक्षर ळ. हिंदी पाठ्यपुस्तकांत ते मुलांना भेटत नाही, म्हणून तोंडाने "तिळगूळ" म्हणणारे मूल कागदावर "तिलगुल" लिहिते. त्याखाली ळचे शब्द : तिळगूळ, बाळ, मिळून, सगळे, फळ, वेळ. मग ऱ्य : साऱ्यांना, दुसऱ्या, गोऱ्या. "घरातील साऱ्यांना नमस्कार" ही ओळ मुले हौसेने लिहितात, पण तो अर्धा र जमायला दोन-तीनदा गिरवावा लागतो. पुढे ल आणि श यांची मराठी वळणे, कारण हिंदी पुस्तकांतली वेगळी असतात.

पट्टीच्या मागे मायने आहेत. आजी-आजोबा, आई-वडील यांना "तीर्थरूप", मामा-काका-आत्या यांना "तीर्थस्वरूप", लहान भावंडांना "चिरंजीव". मित्राला "प्रिय" पुरते. मुलांना हे शब्द ऐकून हसू येते, पण लिहिल्यावर आवडतात. मायन्यानंतर मजकूर मुलाने स्वतः सांगायचा, स्वतःच लिहायचा. आधी कच्च्या कागदावर, मग कार्डावर. चूक झाली तर आम्ही पट्टी दाखवतो, पेन हातात घेत नाही. आठ कार्डे जास्तीची ठेवतो ती त्यासाठीच.

चौथा कप्पा : डिंक आणि सजावट

मजकूर पूर्ण झाल्याशिवाय हा कप्पा उघडायचा नाही. मुले कुरकुर करतात, पण हात भराभर चालतात.

पातळ डिंकाने कागद भिजून सुरकुततो. लहान मुलांना ग्लू स्टिक बरी. फेविकॉल वापरायचे तर झाकणात थोडे काढून द्या आणि काडीने ठिपके लावायला सांगा. मैद्याची ताजी खळ स्वस्त आणि चांगली, पण ती दोन दिवसांत आंबते. बाइंडर लोक ती टिकावी म्हणून मोरचूद घालत. मोरचूद विषारी आहे, मुलांच्या सामानात तो कधीही नको.

खरे तीळ किंवा हलवा चिकटवू नये. मुंग्या लागतात आणि पाकिटात चुरा होतो. त्याऐवजी पांढऱ्या कागदाला पंचिंग मशीनने भोके पाडा. खाली पडणारे गोल तुकडे हलव्याच्या दाण्यांसारखे दिसतात. पतंगासाठी पत्रिकांचे रंगीत तुकडे, दोऱ्यासाठी शिवणाच्या रिळाचा उरलेला धागा.

पाचवा कप्पा : पाकीट आणि पोस्ट

पाकिटासाठी झेरॉक्सचा ए-४ कागद पुरतो. १९ × २३ सेंमीचा तुकडा घ्या. दोन्ही बाजूंनी २-२ सेंमी आत दुमडा. खालून ९ सेंमी वर घ्या, वरचे ४ सेंमी झाकणाला ठेवा. १५ × १० सेंमीचे पाकीट तयार होते आणि आपले कार्ड त्यात सैलसर बसते.

वजनाचा हिशोब सोपा आहे. पोस्टात साध्या पत्राचे वजन २० ग्रॅमच्या टप्प्याने धरतात. २५० जीएसएमचे आपले छोटे कार्ड साधारण सव्वासहा ग्रॅम, पाकीट साडेतीन ग्रॅम. सजावट धरूनही ते पहिल्या टप्प्यात राहते. अख्ख्या ए-४ कागदाचे मोठे कार्ड केले तर एकटे कार्डच साडेपंधरा ग्रॅमच्या वर जाते, आणि पाकीट धरून बहुधा २० ओलांडते. जाड मणी लावू नका, शिक्का मारताना फुटतात. पत्ता मुलानेच लिहावा, पिनकोडसह. तो घरून लिहून आणायला आठवडाभर आधी सांगा, नाहीतर ऐनवेळी "आजीचं गाव काटोल" एवढेच कळते.

पेटी वर्षभर कशी ठेवायची

आपल्याकडे संत्र्याच्या लाकडी पेट्यांना तोटा नाही. खिळे ठोकून आत घ्या, तळाला वर्तमानपत्र अंथरा आणि पाच कप्प्यांसाठी पाच डबे ठेवा. बिस्किटांचे, मिठाईचे, कोणतेही चालतात. कापलेला कागद आडवाच ठेवावा. उभा ठेवला की वाकतो. पावसाळ्यात तो प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधावा आणि पेटी विटांवर ठेवावी, म्हणजे ओल आणि वाळवी लागत नाही. कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा वाळलेला पाला घालतात. उन्हाळ्यात रबरबँड वितळून कागदाला चिकटतात, तेव्हा गठ्ठे नाडीने बांधा. ग्लू स्टिक आणि स्केचपेनची टोपणे तपासा, नाहीतर संक्रांतीला निम्मी वाळलेली निघतात.

प्रत्येक डब्यावर नाव मराठीत लिहा. मुले "कैची", "गोंद", "लिफाफा" मागतात. ते शब्द चुकीचे नाहीत, पण डब्यावर "कात्री", "डिंक", "पाकीट" वाचून तेही तोंडात बसतात. झाकणाच्या आत सामानाची यादी चिकटवा. परत ठेवताना मोजायचे काम दरवर्षी दोन मोठ्या मुलांकडे द्या.

चाळीस मुलांसाठी, चार-चारांचे दहा गट धरून, आमची यादी अशी :

- कार्डशीट ३ (४८ कार्डे), ए-४ कागद ५०
- कात्र्या २०, स्टीलच्या पट्ट्या १०, रिकाम्या रिफिली १०, कटर २
- पेन्सिली २०, बॉलपेन ४०, अक्षरपट्ट्या १०
- ग्लू स्टिक १०, पंचिंग मशीन २, स्केचपेनचे संच १०
- हात पुसायला जुन्या सुती कापडाचे तुकडे १०

हीच पेटी राखीला, दिवाळीला आणि गुढीपाडव्यालाही चालते. पोळ्याचे कार्ड मुलांना हवे असते, बैल काढायला मिळतो म्हणून. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमार असते, त्या दिवसांत मुलांना जमवणे नको. पोळ्याची कार्डे आठवडाभर आधी उरकावीत.

यंदाच्या पेटीसाठी जुन्या लग्नपत्रिका, रिकामे डबे आणि घरी पडून असलेल्या कात्र्या आणून द्या. आणि ज्यांना वेळ आहे त्यांनी संक्रांतीच्या आधीच्या रविवारी मुलांजवळ बसायला या. काम एवढेच, की मूल ळ जवळ अडले की पट्टी दाखवायची आणि ते लिहीपर्यंत थांबायचे.