बंदुकीआधी शाळा मागणारा राष्ट्रपुरुष

फिलिपाइन्सचे डॉ. होसे रिझाल

३० डिसेंबर १८९६ ची सकाळ. मनिला शहरातील बागुमबायान मैदानावर पस्तीस वर्षांचा एक नेत्रवैद्य सैनिकांपुढे पाठमोरा उभा होता. देशद्रोह्याला पाठीत गोळ्या घालायच्या, हा तिथल्या स्पॅनिश सरकारचा शिरस्ता. ‘मी देशद्रोही नाही, गोळ्या समोरून घाला,’ ही त्याची विनंती फेटाळली गेली होती. बार उडाले आणि कोसळता कोसळता त्याने सारे बळ एकवटून तोंड फिरवले.

हेच डॉ. होसे रिझाल, फिलिपाइन्सचे राष्ट्रपुरुष. आरोप होता बंडाला चिथावणी दिल्याचा. नवलाची गोष्ट अशी की, या बंडात सामील होण्यास त्यांनी स्वतःच नकार दिला होता! मग सरकारला त्यांची एवढी भीती का वाटावी? याचे उत्तर त्यांच्या विचारांत सापडते.

आई हीच पहिली शाळा

रिझाल यांचा जन्म १९ जून १८६१ रोजी कालाम्बा गावी झाला. त्यांना अक्षरओळख करून दिली ती आई तेओदोरा हिने. होसे दहा वर्षांचा असताना या सुशिक्षित बाईवर विषप्रयोगाचा खोटा आळ आला. तिला दूरच्या तुरुंगापर्यंत पायी नेण्यात आले आणि सुमारे अडीच वर्षे डांबण्यात आले. १८७२ मध्ये तीन देशी धर्मगुरूंना बंडाच्या आरोपावरून जाहीरपणे ठार मारण्यात आले. या दोन घटनांनी त्या मुलाच्या मनावर कायमचा ओरखडा उमटला.

पुढे माद्रिदमध्ये त्यांनी वैद्यकशास्त्राचा अभ्यास केला, पॅरिस आणि हायडेलबर्ग येथे नेत्रचिकित्सा शिकून घेतली. १८८७ मध्ये बर्लिनमध्ये त्यांची ‘नोली मे तांगेरे’ ही कादंबरी छापली गेली. छपाईचा खर्चही एका मित्राने उसना दिला होता. या कादंबरीच्या नायकाला गावासाठी काय हवे असते? एक शाळा! आणि त्या शाळेच्या पायाभरणीतच त्याच्या जिवावर उठणारे लोक निघतात. लोक शिकले तर आपली सत्ता डळमळेल, हे सत्ताधारी ओळखून असतात, एवढे सांगायला दुसऱ्या भाषणाची गरज नव्हती.

१८८८ मध्ये मालोलोस गावच्या काही तरुणींनी स्पॅनिश शिकण्यासाठी रात्रशाळा मागितली. परदेशात ही बातमी कळताच रिझाल यांनी त्यांना लांबलचक पत्र लिहिले. मान खाली घालून सारे ऐकणे म्हणजे सद्गुण नव्हे. आईच विचार करीत नसेल तर मुले स्वाभिमानी कशी होतील, असा त्या पत्राचा आशय होता.

देव मान्य, दडपण अमान्य

रिझाल नास्तिक नव्हते. त्यांचा रोख होता तो मठवासी साधूंच्या सत्तेवर. कालाम्बातील जमिनी याच साधूंच्या संघाच्या मालकीच्या होत्या. खंडावरून तंटा झाला आणि १८९१ च्या सुमारास रिझाल यांच्या घरच्या माणसांनाही राहत्या जागेतून बाहेर काढण्यात आले. एका विद्वान धर्मगुरूशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांनी नम्रपणे, पण ठामपणे बाजू मांडली. बुद्धी ही देवाचीच देणगी असेल, तर ती वापरणे पाप कसे, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा. मृत्यूपूर्वी त्यांनी ही मते मागे घेतल्याचे सांगणारा एक कागद पुढे आला. पण तो अस्सल की बनावट, हा वाद अजून मिटलेला नाही.

हद्दपारीतले चार वर्षांचे राज्य

३ जुलै १८९२ रोजी त्यांनी ‘ला लीगा फिलिपिना’ ही संस्था स्थापन केली. एकजूट, परस्परांना मदत, शिक्षण, शेती आणि व्यापाराची वाढ एवढीच तिची उद्दिष्टे. तरीही अवघ्या काही दिवसांत त्यांना अटक होऊन मिंदानाओ बेटावरील दापितान येथे हद्दपार करण्यात आले.

दुसरा एखादा खचला असता. रिझाल यांना लॉटरीत पैसे मिळाले, त्यातून त्यांनी जमीन घेतली. दवाखाना काढला, गावात पाणी खेळवले आणि मुलांसाठी शाळा सुरू केली. फीऐवजी मुलांनी शेतावर काम करायचे! श्रीमंतांकडून पैसे घ्यायचे आणि गरिबांना फुकट तपासायचे, हा दवाखान्याचा नियम. याच काळात आईच्या डोळ्यांवर त्यांनी स्वतः शस्त्रक्रिया केली. आपले लोक आळशी आहेत, या आरोपाला त्यांनी १८९० मध्येच लेख लिहून उत्तर दिले होते. कष्टाचे फळ दुसराच नेत असेल, तर माणसाला उमेद राहणार कशी, असा त्यांचा सवाल होता.

वादाचा मुद्दा

१८९६ मध्ये ‘कातिपुनान’ या गुप्त संघटनेचा दूत दापितानला आला. रिझाल यांनी तयारीविना उठाव करण्यास विरोध केला. शस्त्रे नाहीत, लोक तयार नाहीत. हकनाक रक्त सांडेल, असे त्यांचे म्हणणे. गुलामाने मनातली गुलामगिरी टाकली नाही, तर उद्या तोच जुलमी होईल, ही भीती त्यांनी ‘एल फिलिबुस्तेरिस्मो’ या दुसऱ्या कादंबरीतही व्यक्त केली होती.

यावर टीकाही झाली. स्पेननंतर आलेल्या अमेरिकी राज्यकर्त्यांना लढवय्यांपेक्षा हा मवाळ नायक सोयीचा वाटला, असे इतिहासकार रेनातो कॉन्स्टँटिनो यांनी म्हटले आहे. या टीकेत तथ्य आहे; पण एक गोष्ट विसरता येत नाही. कैदेत असताना रिझाल यांनी उठावाचा निषेध करणारे निवेदन लिहून दिले, तरी सरकारने ते प्रसिद्धच केले नाही. कारण शिक्षणाने लोकांना स्वातंत्र्यास पात्र करावे, हा विचार त्यातही होताच. सरकारला बंदुकीइतकीच या विचाराची धास्ती होती!

मृत्यूपूर्वी एका छोट्या स्पिरिटच्या स्टोव्हमध्ये लपवलेली त्यांची अखेरची कविता घरच्यांच्या हाती पडली. दीड वर्षाने, १२ जून १८९८ रोजी, फिलिपाइन्सने स्वातंत्र्याची घोषणा केली. ते प्रत्यक्षात मिळायला मात्र १९४६ साल उजाडले. १९५६ च्या कायद्याने रिझाल यांच्या कादंबऱ्यांचा अभ्यास तिथल्या शाळा-महाविद्यालयांत सक्तीचा झाला.

सक्तीने त्यांची पुस्तके वाचून घेता येतात, विचार करायला मात्र घरातच शिकावे लागते. मालोलोसच्या मुलींना रिझाल यांनी हेच सांगितले होते. आपल्या मुलाने ‘असे का?’ म्हणून विचारले, की त्याला गप्प बसवण्याआधी त्या पत्राची आठवण करायला हरकत नाही.